कालव्याच्या वर राहिलेली माणसं



आण्याचं नाव काढलं की माणसं पहिल्यांदा आमटी-भाकरीबद्दल बोलतात. पौषात रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला इथं मोठमोठ्या कढयांत आमटी उकळते आणि बाजरीच्या भाकरी पंचक्रोशीतल्या घराघरांतून येतात. कुठली जाड, कुठली पातळ, एखादीला करपल्याचा डाग. ढिगात पडल्यावर ती कोणत्या चुलीवरची, हे कुणाला ओळखता येत नाही. तेव्हा ‘वैविध्य’ म्हणजे काय हे या गावाला मी शिकवावं, असं काही नाही. माझा प्रश्न पंगत उठल्यानंतरचा आहे. मांडीला मांडी लावून जेवलेली माणसं दुसऱ्या दिवशी कामावर जातात, तिथं कुणाच्या वाट्याला कोणतं काम येतं आणि त्याचे किती पैसे हातात पडतात?

कारखान्यांत कामगार अधिकारी म्हणून माझी तीस वर्षं गेली. वैविध्य, समन्याय, समावेशन हे तीन शब्द आता तिथल्या भिंतींवर फ्रेम करून लावलेले असतात. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी खात्यांतले असे कार्यक्रम बंद करायचे आदेश काढले, तेव्हा आपल्याकडेही काहींनी सुटकेचा श्वास सोडला. परदेशी फॅड होतं, गेलं, म्हणाले. मला त्याचं फार वाईट वाटलं. हे आपल्या घरचं आहे हो.

1894 साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा कोल्हापूर दरबारातल्या 71 पदांपैकी 60 पदांवर ब्राह्मण होते. 26 जुलै 1902 ला हुकूम निघाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. शिवाय खेड्यातलं पोर शिकायला आलं तर राहील कुठं, म्हणून महाराजांनी वसतिगृहं उभी केली. हुकूम आणि वसतिगृह या दोन गोष्टी मी एकत्र सांगते, कारण एकीवाचून दुसरी लंगडी पडते.

मुंबईच्या गिरण्यांत तर हा प्रश्न सुताच्या टोकावर येऊन अडला होता. धोट्याच्या भोकातून धागा ओवताना विणकर तो तोंडानं ओढून घेई. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धागा आम्ही तोंडात कसा धरायचा, म्हणून त्या कामगाराला साचाखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, पाऊल ठेवू देत नसत. जास्त पगार मात्र तिथंच. भोंगा एक, मालक एक, हाल एकसारखे, तरीही पगार अडवायला थुंकीचा एक थेंब पुरत होता. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न लावून धरला. मजुरांची एकी हवी असेल तर आधी साचाखात्याचं दार उघडा, हे त्यांचं म्हणणं आजही कुठल्याही युनियनच्या कचेरीत जाऊन सांगावं इतकं ताजं आहे.

समन्याय या शब्दावर सगळ्यात जास्त राग असतो. सगळ्यांना सारखंच द्या, कुणाला वेगळं कशाला? असं विचारणाऱ्यांना मी आण्याचं हे पठार दाखवीन. जुन्नर हा धरणांचा तालुका. खाली ऊस आहे, द्राक्षं आहेत, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटची थप्पी लागते. कालवा कुणाची जात बघत नाही, तो फक्त उतार बघतो. आणि पठार उंचावर आहे! पठाराला पाणी द्यायचं तर ते उपसूनच चढवावं लागेल. पठारकरी ते मागतात तेव्हा त्यांना कुणी फुकटे म्हणत नाही. मग कामाच्या जागी हाच हिशोब का पटू नये?

‘पण गुणवत्तेचं काय?’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं. एका कारखान्यात लेथवर कामासाठी एक तरुण आला होता. त्याला ऐकू येत नव्हतं. धोक्याचा भोंगा कळणार नाही म्हणून त्याला परत पाठवलं, आणि त्या कागदावर सही माझी होती. महिनाभर ती सही मला झोपू देईना. मग देखभाल खात्यातल्या एका फिटरनं सुचवलं, बाई, भोंग्याच्या वायरीवर लाल दिवा जोडू. अर्ध्या दिवसाचं काम. पोराला परत बोलावलं. त्याचे जॉब मायक्रोमीटरखाली धरले की तपासनीस मान हलवायचा. आणि प्रेसच्या दणदणाटात ज्यांना भोंगा कधी नीट ऐकूच आला नव्हता, ते धडधाकट कामगारही दिव्याकडे बघू लागले.

आजच्या या कार्यक्रमात मनुष्यबळ खात्यातल्या मंडळींना आणि लेखकांना एकाच मांडवात बसवलंत म्हणून एक बोलते. आपल्या शेतांतले शब्द एकदा कान देऊन ऐका. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, म्हणजे बहुधा त्याच्या हातात. मोळी तिच्या डोक्यावर असते, पण हिशोबात ती अर्धी. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला. तरी ‘गड्याचा रोज’ आणि ‘बाईचा रोज’ हे दोन वेगळे आकडे आपण सहज, न अडखळता बोलतो. या शब्दांवर अजून किती कथा लिहायच्या राहिल्यात!

उद्या सकाळी तुम्ही आणे घाट उतराल. वाटेत कुठंतरी कांद्यात खुरपणारी टोळी दिसेल. गाडी बाजूला घ्या, रामराम करा आणि टोळीतल्या एखाद्या बाईला तिचा रोज विचारा. मग तोच प्रश्न गड्याला. दोन्ही आकडे वहीत टिपून ठेवा आणि मला कळवा.