पिठ्या ढेकणाचा छोटा वैरी

कपाशीवर पिठ्या ढेकूण दिसला, की हात पंपाकडे जातो... जरा थांबा. त्या पांढऱ्या पुंजक्यात काही ढेकूण तपकिरी, फुगीर, कडक झालेत का? त्यांना आतून एनासियसची अळी खातेय. एनासियस ही लहान मुंगीएवढी परोपजीवी गांधीलमाशी. माणसाला ती डसत नाही. 2009 साली भारतात तिचं वर्णन झालं, शास्त्रज्ञ बंबावाले यांचं नाव तिला दिलं गेलं. ती ढेकणात अंडं घालते... नवी माशी गोल भोक पाडून बाहेर येते.

तुम्ही म्हणाल, फवारणीनं काम लवकर होतं. पण मेणचट आवरणामुळे औषध ढेकणाला नीट लागत नाही... माशी मात्र मरते. मग ढेकूण मोकाट! म्हणून पुन्हा सांगते, तपकिरी ढेकूण बरेच दिसले, तर फवारणी थांबवा.