हात खाली, मान वर
(वाडीवरच्या शिबिरात केलेलं भाषण)



अहिंसा म्हटलं की आपल्या वाड्यांवर लोक हसतात. म्हणतात, "पिढ्यान् पिढ्या मारच खाल्ला, अजून किती अहिंसा?" खरं आहे. गार्ड आला की आपण कोंबडी द्यायचो, हात जोडायचो. पण ती अहिंसा नव्हती, भीती होती.

गेल्या पावसात आमच्या दळीवर फॉरेस्टवाले नाचणी उपटायला आले. पोरांनी कोयते उचलले. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, "खाली ठेवा. कोयता उगारला की केस आपल्यावर, आणि जमिनीची गोष्ट बाजूला." मग आम्ही सगळे पिकात जाऊन बसलो. "लेखी हुकूम दाखवा, पंचनामा करा," एवढंच म्हणत राहिलो. २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलंय, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून काढता येत नाही. हे पाठ होतं म्हणून बसायला बळ आलं. संध्याकाळी ते परत गेले. थोडी नाचणी गेली, दळी राहिली.

चिरनेर आपल्याच जिल्ह्यातलं. २५ सप्टेंबर १९३० ला तिथं जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यात आपला नाग्या महादू कातकरी गेला. त्याला भित्रा कोण म्हणेल?

पण एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. नाचणी वाचवली त्याच रात्री आमच्यातल्या एकानं दारू पिऊन बायकोला मारलं. सकाळी ती बैठकीत उभी राहिली. "साहेबापुढं हात आवरला, मग घरात कसा सुटला?" आमच्या माना खाली गेल्या. तिचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं. दिवसा पिकासाठी सगळी वाडी बसली, रात्री तिच्यासाठी एक माणूस उठला नाही.

त्या दिवशी आम्ही ठरवलं. ओरडणं ऐकू आलं की शेजाऱ्यांनी उठायचं, त्या दारात जाऊन बसायचं. मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, पण मार थांबल्याशिवाय हलायचंही नाही. भावाभावांचं बांधाचं भांडण काठीनं नाही, ग्रामसभेत मिटवायचं. आणि दळीच्या दाव्यावर नवरा-बायको दोघांचं नाव घालायचं. कायदाच तसं सांगतो. पिकात तीही बसली होती.

सोपं नाही हे. दोनदा आम्ही उठलो, एकदा झोपेचं सोंग घेतलं. तेही सांगतो, कारण सोंग घेतलं ती पुन्हा भीतीच.

हात खाली, मान वर. दळीवर तसंच घरात.

जिंदाबाद!