फवारणीचा दिवस वही सांगेल



कपाशीला पाती-फुलं लागली की गावात एकच प्रश्न फिरतो. फवारायचं का? शेजाऱ्यानं पंप काढला की आपलाही हात पंपाकडं जातो. दुकानदार म्हणतो, "एक फवारा मारून टाका, जिवाला घोर नको." पण औषध आणि मजुरी आपल्या खिशातली, आणि विषाचा वास नाकात जातो तोही आपल्याच माणसाच्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं राज्यातल्या कपाशीचं मोठं नुकसान केलं. म्हणजे उगाच फवारणं महाग, आणि वेळ चुकवणंही महाग.

ही गुलाबी अळी मोठी लबाड. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार. बांधावर उभं राहून "यंदा किडीचं काही नाही" म्हणणारा फसतो तो इथंच. तेव्हा नजरेवर जायचं नाही. मोजायचं, आणि मोजलेलं वहीत लिहायचं.

पेरणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास एकरी २ कामगंध सापळे लावा. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण फूटभर वर असावा. पीक वाढलं की तोही वर घ्यावा. आतल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो, त्या वासानं नर येऊन अडकतात. गोळी किती दिवस चालते ते पाकिटावर छापलेलं असतं. बदलल्याची तारीख वहीत हवीच, कारण वास सरला की पतंग येत नाहीत आणि आपण समजतो कीड गेली.

रोज सकाळी पतंग मोजा आणि सापळा रिकामा करा. रिकामा केला नाही तर कालचेच पतंग आज पुन्हा मोजले जातात, मग त्या आकड्याला काय अर्थ? समजा, दोन एकरांत ४ सापळे आहेत. सोमवारी चारांत मिळून १४ पतंग निघाले, म्हणजे सापळ्यामागे साडेतीन. मंगळवारी ३४, म्हणजे साडेआठ. बुधवारी ३६, म्हणजे नऊ. गुरुवारी ४०, म्हणजे दहा. शास्त्रज्ञांनी ठरवलेली पातळी आहे सापळ्यामागे रात्रीला ८ पतंग, तेही सलग ३ रात्री. मंगळवारचा आकडा पाहून घाबरायचं कारण नव्हतं. गुरुवारी मात्र तिसरी रात्र भरली, आता फवारणी लांबवू नये. सोमवारी पंप काढला असता तर तो खर्च मातीत गेला असता.

प्रत्येक सापळ्याचा आकडा वेगळा लिहा बरं का. एकाच सापळ्यात पतंग फार येत असतील तर आसपास पाहा. मागच्या साली रचलेला पऱ्हाटीचा ढीग तिथं जवळ असेल, तर पतंग कुठून येतात ते कळलंच.

बोंडं लागल्यावर आठवड्यातून एकदा दर एकराला २० हिरवी बोंडं तोडून फोडा. बांधालगतचीच घेऊ नका. शेतात नागमोडी फिरून वेगवेगळ्या झाडांवरची घ्या. वीसांत २ बोंडांत जिवंत अळी दिसली की १० टक्के झाले, फवारणीची वेळ आली. पाकळ्या न उमलता मिटून राहिलेली फुलं, ज्यांना आपण डोमकळ्या म्हणतो, तीही मोजा. शंभर फुलांत १० निघाली तर हाच इशारा समजा.

२००९ पासून राज्यात कीड सर्वेक्षण होतं, त्यावरून सल्लेही मिळतात. ते जरूर ऐका. पण तो सल्ला साऱ्या भागासाठी असतो. तुमच्या वावरात काय आहे ते तुमचीच वही सांगेल. लिहिण्याचा कंटाळा येत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडं वही द्या. घरधनीण बोंडं फोडायला बसली तर तिची नजर बहुधा आपल्यापेक्षा बारीक निघते.

फवारणी झाली की तारीख, औषध, प्रमाण आणि खर्च लिहा. औषधाला काम करायला चार-पाच दिवस द्या, मग पुन्हा २० बोंडं फोडा. अळ्या तशाच जिवंत असतील तर त्याच औषधाचा दुसरा फवारा मारू नका. वही घेऊन कृषी सहायकाकडं जा. वही पाहिल्यावर त्यालाही नेमकं सांगता येतं, नाहीतर तोही अंदाजानंच बोलणार.

सापळे घेताना दुकानात गोळी "गुलाबी बोंडअळीची" असं स्पष्ट मागा. हिरव्या बोंडअळीची गोळी वेगळी असते. ती लावली तर गुलाबीचे पतंग येणार नाहीत आणि वहीत नुसती शून्यं भरत राहतील.