घरचे यंत्र आणि हातचे कसब



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी आयुष्यभर या शाळेत हस्तव्यवसायाचा तास घेतला. त्यांच्या स्मरणार्थ बोलताना हातांविषयी बोलावे, हेच मला उचित वाटते. मी जन्माने धारचा आणि पोटापाण्याने देवासचा. माझी सारी नोकरी इथल्या औद्योगिक वसाहतीत गेली. निवृत्तीनंतर घराच्या मागील खोलीत मी एक लहानसे यंत्र मांडले आहे. संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कोरणाऱ्या या यंत्राला कारखान्यात सीएनसी म्हणतात. माझे यंत्र मेजावर मावते आणि त्याचे कार्यक्षेत्र अवघे ३०० मिलिमीटर लांब व १८० मिलिमीटर रुंद आहे. दारावरची पाटी, देव्हाऱ्याची जाळी, मोदकाचा साचा, आकाशकंदिलाच्या चौकटी अशा वस्तू मी त्यावर करतो. या छंदाने मला जे शिकविले ते आज आपल्यापुढे ठेवावे, असा मानस आहे.

प्रथम या यंत्राचे कूळ पाहू. अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांच्यापुढे हेलिकॉप्टरच्या पात्यांचा अचूक आकार कसा साधावा हा प्रश्न होता. त्यांनी वक्ररेषेवरील बिंदू आकड्यांत मांडून त्या आकड्यांनी यंत्र चालविण्याची कल्पना मांडली. तेथील वायुदलाच्या पैशावर एमआयटी या संस्थेने १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग यंत्र करून दाखविले. पुढे कित्येक दशके हे ज्ञान मोठ्या कारखान्यांच्या भिंतींआड राहिले. २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाची स्वस्त नियंत्रक पट्टी तयार झाली. २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी त्या पट्टीवर चालणारी ग्रबल ही आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांना मोफत खुली केली. माझ्या मेजावरचे यंत्र या उदारतेचेच अपत्य आहे.

या ठिकाणी मला आमच्या धारानगरीच्या राजाचे स्मरण होते. अकराव्या शतकात भोजराजाने 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ रचला. त्यात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. यंत्राच्या अंगी कोणते गुण असावेत, हे राजा तेथे सांगतो. सांधे नीट जुळलेले असावेत, चाल गुळगुळीत असावी, नको तेथे आवाज नसावा, यंत्र ढिले नसावे आणि फार आवळलेलेही नसावे. हे शेवटचे लक्षण वाचून मी थक्क झालो, कारण माझ्या यंत्राचे निम्मे दुखणे याच दोन शब्दांत सामावलेले आहे. मळसूत्र आणि त्यावरील चाकी यांच्यात फट राहिली, तर दिशा बदलताना मळसूत्र थोडे रिकामेच फिरते आणि कोरलेले वर्तुळ वाटोळे न राहता चेपल्यासारखे दिसते. चाकी फार आवळली, तर मोटर अडखळते आणि तिची पावले चुकतात. अशा लहान यंत्राला डोळे नसतात. पाऊल चुकले हे त्याला कळत नाही, ते त्याच आत्मविश्वासाने पुढचे सारे काम बिघडवीत जाते.

मात्र त्याच अध्यायात भोजराजाने असेही म्हटले आहे की, यंत्रांच्या घडणीचा तपशील आपण मुद्दाम सांगितलेला नाही. त्याचे कारण अज्ञान नसून गुप्तता हे आहे. राजाला तसे वाटण्यास त्या काळी कारणे असतील. पण गुप्त ठेवलेले ज्ञान जाणत्याबरोबर संपते. हजार वर्षांनी आपल्या हाती त्या यंत्रांची वर्णने उरली, यंत्रे उरली नाहीत. उलट ज्याने आपले काम उघडे ठेवले, त्याचे यंत्र देवासच्या मागील खोलीतही चालते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी विचार करावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. कळ दाबली की वस्तू तयार, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. माझ्या यंत्राची मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. मळसूत्र एका फेऱ्यात ८ मिलिमीटर पुढे नेणारे असेल, तर एक पाऊल म्हणजे ०.०४ मिलिमीटर. इतकी सूक्ष्मता हाती असूनही फळी नीट धरलेली नसेल तर ती सारी व्यर्थ जाते. म्हणून पहिली विद्या वस्तू धरण्याची, दुसरी शून्यबिंदू ठरविण्याची आणि तिसरी वेगाची. दोन धारांचे पाते मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल आणि ते मिनिटाला ६०० मिलिमीटर पुढे सरकत असेल, तर प्रत्येक धार ०.०३ मिलिमीटर जाडीची ढलपी काढते. भीतीपोटी वेग फारच कमी केला, तर पाते कापण्याऐवजी घासते, लाकूड करपते आणि धार जाते. ढलपी निघते आहे की नुसती पूड, हे पाहावे लागते आणि आवाज कानाने ओळखावा लागतो. डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडके, सैल बाही व मोकळे केस आवरलेले आणि चालत्या यंत्राजवळून न हलणे, हे नियम घरात कारखान्याहून कडक पाळावेत, कारण घरात लहान मुले असतात.

हे यंत्र कारागिराच्या पोटावर पाय आणील काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तो रास्त आहे, त्याला वरवरचे उत्तर देऊन चालणार नाही. आपल्या धार जिल्ह्यातील बाग येथील खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. तांबडा आणि काळा हे त्या छपाईचे मुख्य रंग. हे ठसे सागवान किंवा शिसवीचे असतात आणि गुजरातेतील पेथापूर हे गाव अशा ठशांच्या कोरकामासाठी प्रसिद्ध आहे. घरच्या मुलींना रुमाल छापता यावेत म्हणून मी यंत्रावर एक लहान बुट्टा कोरून पाहिला. आकृती मापात उतरली, पण फिरणारे पाते गोल असते. १ मिलिमीटर व्यासाचे पाते घेतले, तरी पाकळ्यांच्या आतील कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहतेच. तो कोपरा पटाशीनेच साफ करावा लागला. शिवाय लाकडाच्या रेषा आडव्या आल्या की बारीक कड तुटते. कारागिराच्या हाताला त्या रेषा जाणवतात आणि तो पटाशी वळवतो. यंत्राला फळी आणि लोणी सारखेच. यावरून मी असे म्हणेन की, एकाच नक्षीच्या शंभर नगांच्या कामात यंत्र कारागिराशी स्पर्धा करील, आणि तिथे त्याच्या मजुरीला धक्का बसेल हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ओबडधोबड खोदाईचे कष्ट यंत्राला देऊन शेवटचा हात स्वतः फिरविणारा कारागीर यंत्राचा धनी होऊ शकतो. यंत्र कोणाच्या घरात आहे, यावर निकाल अवलंबून राहील.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धार जिल्ह्यात पीथमपूर आणि इकडे देवास, या दोन वसाहतींत आपली असंख्य मुले सीएनसी यंत्रांपुढे उभी असतात. त्यांपैकी पुष्कळांचे काम म्हणजे भाग चढविणे, कळ दाबणे आणि भाग उतरविणे. आकृती एकाने काढलेली, आज्ञावली दुसऱ्याने लिहिलेली, पाते तिसऱ्याने निवडलेले असते. कारखान्याच्या दृष्टीने ही वाटणी सोयीची आहे. पण त्या मुलाच्या हाती वीस वर्षांनंतर काय उरते? घरच्या लहान यंत्रावर मात्र आकृती, माप, आज्ञावली, पाते, पकड, तासणी आणि शेवटची पॉलिश, सारे एकाच माणसाला करावे लागते. कारखान्याने तुकडे केलेले काम हे छोटे यंत्र पुन्हा जोडून देते, आणि हे जोडलेले काम जाणणारा मुलगा कारखान्यातही नुसता कळ दाबणारा राहत नाही.

असे प्रयोग आपल्या भाषेच्या मुलखात झालेले आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळेत न रमलेल्या मुलांना हातांनी काम करीत शिकविले. २००२ साली त्याच पाबळला एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. जेथे १९५२ चे यंत्र जन्मले, त्याच संस्थेने पन्नास वर्षांनी महाराष्ट्रातील खेड्याकडे वळावे, यात मोठा अर्थ आहे. छंदालाही कमी लेखू नये. वाफेच्या इंजिनाने कीर्ती मिळविल्यानंतर जेम्स वॅट यांनी उतारवयात घराच्या माळ्यावर मूर्तीची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र घडविण्यात वर्षे घालविली. १८१९ साली त्यांचे निधन झाले. त्यांची ती खोली पुढे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जशीच्या तशी मांडण्यात आली.

समारोप करतो. यंत्रविद्येला काय लागते, हेही भोजराजाने सांगून ठेवले आहे. परंपरा, कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, प्रत्यक्ष कामाचा सराव, उद्यम आणि बुद्धी. यांतील एकही गोष्ट बाजारात विकत मिळत नाही. बाजारात यंत्र मिळते, बाकीचे शाळेने द्यावयाचे असते. म्हणून शाळेच्या चालकांना व माजी विद्यार्थ्यांना माझी नम्र विनंती आहे की, असे एक लहान यंत्र शाळेत आणावे आणि ते संगणककक्षातील कुलुपाच्या कपाटात न ठेवता सुतारकामाच्या मेजाशेजारी ठेवावे. मुलाने आधी करवत, कानस आणि पटाशी हाताळावी, लाकडाच्या रेषा ओळखाव्यात, मग संगणकापुढे बसावे. मुलींनाही हा तास असावा. आणि मुलांनी जे शोधून काढले, ते वहीत लिहून पुढच्या तुकडीसाठी उघडे ठेवावे. गुरुवर्यांचे याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.