देहाचे विश्वासू कारभारी

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



महोत्सवाचा दिवस आनंदाचा खरा. तथापि सारे आप्त एकत्र जमले असता एकमेकांची प्रकृती विचारावी, ही आपली जुनी रीत आहे. म्हणून मधुमेह या व्याधीविषयी आम्ही आज थोडे बोलणार आहोत.

हा श्रीमंतांचा रोग होय, शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसास तो शिवत नाही, असा समज पुष्कळांचा आहे. तो खरा नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी सन १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील बालके जन्मतः वजनाने हलकी, परंतु त्या मानाने त्यांच्या अंगी चरबी अधिक, असे त्यांस आढळले. कृश दिसणाऱ्या देहातही हा रोग का शिरतो, याचा उलगडा यावरून बराचसा होतो. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी सांगितली आहे.

डॉक्टर रुग्णास महिन्यातून काही मिनिटे पाहतात; उरलेले सारे दिवस रुग्ण स्वतःच आपल्या देहाचा कारभारी असतो. कारभाऱ्यास हिशेब ठाऊक हवा. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा अधिक पुन्हा पुन्हा आढळल्यास तो मधुमेह होय. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी करून घ्यावी. तसेच, औषधाने साखर आटोक्यात आली म्हणजे रोग गेला असे नव्हे. गोळ्या आपल्या मनाने कधीही सोडू नयेत.

दुसरी गोष्ट भाकरीची. ज्वारी हे आपले उत्तम धान्य. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सन २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह व जस्त अधिक आहे. परंतु ज्वारीतही पिष्ट आहेच, आणि पिष्टाची साखर होते. म्हणून भाकरी मोजून खावी, व तिच्याबरोबर डाळ आणि पालेभाजी भरपूर घ्यावी.

तिसरी गोष्ट इन्सुलिनची. सन १९२१ मध्ये टोरांटो नगरीत याचा शोध लागला, आणि तेव्हापासून असंख्य प्राण वाचले. पण हे औषध उन्हाने निकामी होते, आणि आपल्याकडे वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. न उघडलेली कुपी फ्रीजमध्ये ठेवावी, मात्र ती गोठू देऊ नये. ज्या घरी फ्रीज नाही, त्यांनी ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या गाडग्यात, सावलीत, कुपीस पाणी न लागेल अशा बेताने ती ठेवावी.

चौथी गोष्ट पायांची. या व्याधीत पायांची संवेदना मंदावते. काटा रुतला तरी कळत नाही, आणि लहानशा जखमेपायी पाय गमावण्याचा प्रसंग येतो. म्हणून रानात अनवाणी जाऊ नये, व रोज निजण्यापूर्वी दोन्ही तळपाय पाहावेत. दृष्टी मंद असल्यास सुनेने किंवा नातवंडाने पाहावेत.

आता उपवासाविषयी. कित्येक वृद्ध माणसे राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी औषध घेऊन उपाशी राहतात, आणि ही गोष्ट धर्मगुरूंपासूनही लपवितात. अशा वेळी साखर ७० च्या खाली उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. शुद्ध असेल तर तत्काळ तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. ख्रिस्तसभा आजाऱ्यांवर उपवासाचे बंधन लादत नाही. सन १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे पवित्र कम्युनियनपूर्वीच्या एका तासाच्या उपवासातूनही वृद्ध व आजारी मोकळे आहेत. पाणी व औषध यांनी तर तो कोणाचाच मोडत नाही. मनात शंका असेल त्याने आम्हांस विचारावे. ज्यास अन्नाचा त्याग झेपत नाही, त्याने दानाने व प्रार्थनेने तो काळ पाळावा.

देह ही देवाने सोपविलेली ठेव आहे. तिची निगा राखण्याची सुबुद्धी व बळ तो दयाघन प्रभू आपणां सर्वांस देवो, ही आमची प्रार्थना.