घरच्या दप्तराची नवी घडी



पूर्वीं प्रत्येक जाणत्या घरांत एक पेटी असे. तींत खरेदीखतें, जन्मपत्रिका, वडील मंडळींचीं पत्रें, एखादें लग्नांतलें समूहचित्र, असा सारा ऐवज रुमालांत बांधून ठेवलेला असे. आज मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील कांहीं घरांत त्या पेटीची जागा शब्दकोशाएवढ्या एका यंत्रानें घेतली आहे. त्यास सर्व्हर म्हणतात. नांव परकें असलें, तरी काम ओळखीचें आहे. घरांतील कोणीहि आपल्या संगणकावरून वा मोबाइलवरून मागावें आणि यानें कप्प्यांतून काढून द्यावें. हा घरचा दप्तरदारच म्हणा ना!

दप्तर म्हातारें होत नाहीं, पण दप्तरदार होतो. यंत्रास चालविणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, जिला आपण कार्यप्रणाली म्हणूं, तिच्या आयुष्यास मर्यादा असते. डेबियन ही अशा यंत्रांवर वापरली जाणारी विनामूल्य कार्यप्रणाली. तिची दहावी आवृत्ति जुलै २०१९ मध्यें निघाली आणि तिची दीर्घ मुदतीची विनामूल्य डागडुजी ३० जून २०२४ रोजीं थांबली. त्यानंतर अशा आवृत्तींत चोरवाटा सांपडल्या, तर त्या बुजविणार कोण? शिवाय वर्षानुवर्षांची अडगळहि सांचलेली असते. म्हणून जुनी कार्यप्रणाली पुसून नवी कोरी बसविणें श्रेयस्कर ठरतें. प्रश्न एवढाच कीं, दप्तरदार बदलावा आणि दप्तरांतील एका कागदासहि धक्का लागूं नये, हें कसें साधावें?

या धक्क्याचा अर्थ उपनगरांतील माणसास समजावून सांगावा लागत नाहीं. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तळमजल्यांवरील घरांत पाणी शिरलें. पुढें गाद्या नव्या भरतां आल्या, भांडीं घेतां आलीं. पण लगदा झालेलीं छायाचित्रें पुन्हां काढतां आलीं नाहींत. यंत्रांतहि हेच दोन वर्ग आहेत. कार्यप्रणाली ही गादीसारखी, केव्हांहि नवी मिळणारी. दप्तर हें छायाचित्रासारखें. आमच्या घरच्या यंत्रावर माझ्या आईनें जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचें तेवीस मिनिटांचें ध्वनिमुद्रण आहे. आई आतां नाहीं, आणि जातेंहि नाहीं. तें ध्वनिमुद्रण पुसलें गेलें, तर तें कोणत्या दुकानांत मिळणार?

म्हणून पहिलें काम म्हणजे दुसरी प्रत. पुष्कळांचा असा समज असतो कीं, यंत्रांत दोन जोडतबकड्या आहेत, एकीवरचें दुसरीवर आपोआप उमटतें, मग वेगळी प्रत कशाला? या जोडपद्धतीस ‘रेड’ म्हणतात. १९८८ सालीं बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या त्रयीनें आपल्या निबंधांतून तें नांव रूढ केलें. एक तबकडी बंद पडली तरी काम अडूं नये, हा जोडीचा उपयोग. परंतु आपण चुकून एखादा कप्पा पुसला, तर तो दोन्ही तबकड्यांवरून त्याच क्षणीं पुसला जातो. जोड म्हणजे प्रत नव्हे. प्रत ही यंत्राबाहेर काढून वेगळी ठेवलेली असावी.

एकाच प्रतीचा भरंवसा किती महाग पडतो, हें मराठीस जुनें ठाऊक आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमींत नाहींशी झाली, मग अनुयायांनीं आठवणीवरून ती पुन्हां सिद्ध केली आणि त्यामुळें पाठभेद वाढले, असें महानुभाव परंपरा सांगते. त्या अनुयायांपाशीं तेवढें पाठांतर तरी होतें! आपल्यापाशीं काय आहे?

प्रत केली म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. ती उघडून पाहिली पाहिजे. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या नामांकित संस्थेंत एका तंत्रज्ञाच्या हातून भलत्याच यंत्रावरील माहिती पुसली गेली. प्रती घेण्याची व्यवस्था एक नव्हे, अनेक प्रकारची होती. पण वेळ आली तेव्हां त्यांतील बहुतेक निरुपयोगी निघाल्या. अखेर सुमारें सहा तासांपूर्वींची एक प्रत हातीं लागली म्हणून निभावलें. जेथें जाणत्यांची ही गत, तेथें आपण विशेष सावध असावें. मीं प्रत घेतली, ती दुसऱ्या संगणकास जोडली आणि आईच्या ओव्या शेवटच्या ओवीपर्यंत ऐकल्या. मगच पुढील काम हातीं घेतलें. दोन टेराबाइटांचें दप्तर सेकंदास शंभर मेगाबाइट या वेगानें उतरवावयास साडेपांच तास लागतात. तेव्हां हें काम सकाळीं आरंभावें.

दुसरें काम म्हणजे दप्तरदाराच्या डोक्यांत काय आहे तें लिहून घेणें. कार्यप्रणाली पुसतांना कांहीं मोलाच्या गोष्टी तिच्याबरोबर नकळत जातात. पहिली गोष्ट किल्ली. दप्तर कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक केलेलें असेल आणि त्याची किल्ली कार्यप्रणालीच्या तबकडीवरच असेल, तर दप्तर शाबूत राहूनहि कायमचें बंद होईल. दुसरी गोष्ट अनुक्रमणिका. छायाचित्रें दप्तरांत असतात, पण कोणत्या चित्रांत कोण आहे ही नोंद पुष्कळदां चित्रें लावणाऱ्या कार्यक्रमाच्या स्वतंत्र वहींत, कार्यप्रणालीच्या बाजूस असते. तिसरी गोष्ट माणसांचे क्रमांक. डेबियनसारख्या कार्यप्रणालींत कागदावर मालकाचें नांव नसतें, क्रमांक असतो. पहिल्या माणसास बहुधा १००० आणि दुसऱ्यास १००१. नव्या कार्यप्रणालींत सुनेचें नांव आधीं घातलें आणि सासऱ्यांचें नंतर, तर सासऱ्यांचे कागद सुनेच्या नांवावर दिसूं लागतील. म्हणून क्रमांकांची यादी करावी व तोच क्रम ठेवावा. कोणता कप्पा कोणास खुला आहे, हेंहि टिपून ठेवावें. परवलीचे शब्द मात्र त्या यादींत नकोत.

यानंतरचें काम थोडक्यांत सांगतां येतें. यंत्र बंद करावें, वीज काढावी आणि दप्तराच्या तबकड्यांच्या तारा सोडवून ठेवाव्या. नवी कार्यप्रणाली बसवितांना “कोणती तबकडी पुसूं?” असा प्रश्न येतो, आणि तबकड्यांचीं तात्पुरतीं नांवें दर वेळीं तींच राहतील असा नेम नसतो. जी तबकडी जोडलेलीच नाहीं, ती पुसली जाणार कशी? तारा सोडण्यापूर्वीं प्रत्येक तबकडीवर छापलेला क्रमांक टिपावा. दप्तर व कार्यप्रणाली एकाच तबकडीवर असतील, तर दुसरी लहान तबकडी आणून तिच्यावर नवी कार्यप्रणाली बसवावी. जुनीस हात लावूं नये.

नवी कार्यप्रणाली सुरळीत चालूं लागली म्हणजे यंत्र पुन्हां बंद करून तारा जोडाव्या. लिनक्सच्या अंगच्या जोडपद्धतीची खूण तबकड्यांवरच लिहिलेली असल्यामुळें नवी कार्यप्रणाली त्यांस ओळखते. तबकडी कोरी समजून ‘नवी घडण करूं काय?’ असें यंत्रानें विचारलें, तर नकार देऊन थांबावें. प्रथम दप्तर केवळ वाचण्यापुरतें उघडावें, चार जुने कागद पाहावे, आणि मगच लिहिण्याची मुभा द्यावी. शेवटीं घरांतील प्रत्येकास आपापला एक कागद काढून पाहावयास सांगावें. आमच्या सौभाग्यवतींनीं पापडाच्या प्रमाणाचा कागद मागितला आणि तो निघाला, तेव्हां परीक्षा उतरलों असें मीं मानलें.

एक सूचना पावसाळ्याची. वीज जाण्याचा संभव असतां हें काम आरंभूं नये. निदान विजेचा सांठा करणारें यंत्र जवळ असावें. आणि दुसरी प्रत त्याच कपाटांत ठेवूं नये. मुलुंडची प्रत बोरिवलीच्या बहिणीकडे ठेवावी आणि तिची आपल्याकडे आणावी. एका ठिकाणीं पाणी भरलें, तरी दुसरीकडे दप्तर राहील. प्रती बदलण्याच्या निमित्तानें वर्षांतून दोन वेळां भाऊबहिणींची भेट होईल, हा लाभ वेगळाच.

अडतीस वर्षें मुलांना सांगत आलों कीं, पाटीवरचें पुसण्यापूर्वीं वहींत उतरवून घ्या आणि उतरविलेलें वाचून पाहा. याहून निराळें आजहि कांहीं सांगावयाचें नाहीं.