फटाक्यांना भिणारे कुत्रे

दिवाळी जवळ आली, की कुत्रे पाळलेल्या घरात एक निराळीच काळजी शिरते. पहिला सुतळी बाँब वाजताच एरवी दारात ऐटीने बसणारे ते जनावर शेपूट पोटाशी घेऊन पलंगाखाली दडते, थरथर कापते, पुढ्यातल्या अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. मग घरातील एखादा शूर गृहस्थ त्याला फरफटत बाहेर काढतो आणि ‘होईल सवय’ म्हणत अंगणात बांधतो. सवय होत नाही. पुढच्या वर्षी ते टिकल्यांच्या आवाजानेही पळत सुटते. गोव्यात तर दिवाळीपाठोपाठ फेस्तांचे फटाके येतात.

या भयाला हट्ट समजणे अन्यायाचे आहे. माणसाला दर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याचा कान ४५,००० च्या आसपास पोहोचतो. शिवाय हा गडगडाट सणाचा आहे, हे त्याला सांगणार कोण? काही भित्रेपणा आनुवंशिक असतो, काही पिल्लूपणीच्या एकलकोंडेपणातून येतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लाला माणसे, आवाज, रहदारी यांची हळुवार ओळख झाली, तर पुढचे पुष्कळसे भय टळते.

पण मोठ्या कुत्र्याचे काय? मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९२४ साली पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा प्रथम दूर ठेवीत आणि दिवसेंदिवस थोडा जवळ आणीत. शेवटी त्याने सशाला कुरवाळले. कुत्र्याच्या बाबतीतही हाच मार्ग चालतो.

श्रावणातच आरंभ करावा. मोबाइलवर फटाक्यांचा मुद्रित आवाज जेमतेम ऐकू येईल इतका लावावा आणि आवाज होताच मांसाचा लहानसा तुकडा द्यावा. कुत्रे निवांतपणे खाते आहे, तोवरच आवाज किंचित वाढवावा. त्याने खाणे सोडले, जांभया देऊ लागले, ओठ चाटू लागले, तर आवाज लगेच कमी करावा. येथे घाई करणाराचे महिन्याचे श्रम एका संध्याकाळी वाया जातात.

प्रत्यक्ष सणाच्या दिवशी त्याला उजेडीच फिरवून आणावे. आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा व रेडिओ चालू ठेवावा. गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा, कारण घाबरलेले कुत्रे कोठवर धावेल याचा नेम नसतो. ते कुशीत आले तर खुशाल थोपटावे. लाडाने भय वाढते ही समजूत निराधार आहे. भय फारच असेल तर पशुवैद्याकडून आधीच औषध घ्यावे, माणसाच्या गोळ्या मात्र मुळीच देऊ नयेत.

इतके करूनही काही कुत्री भित्रीच राहतात. त्यांच्यासाठी पलंगाखालची जागा मोकळी ठेवावी, तेथे एक जुनी गोधडी अंथरावी आणि मुलांनी तिकडे डोकावू नये.